किरकोळ दुखापत आणि कामावर परतण्याचा दिवस

आपल्या रुग्णालयाच्या अपघात विभागात येणारे बहुतेक रुग्ण दाखल होत नाहीत. जखमेला टाके घालून, मुरगळलेल्या पायाला पट्टी बांधून किंवा हाताला प्लास्टर घालून त्यांना त्याच दिवशी घरी पाठविले जाते. वार्षिक अहवालात या सर्वांची जागा बाह्यरुग्णांच्या एका रकान्यात असते आणि विश्वस्तांच्या बैठकीत त्या रकान्यावर सहसा चर्चा होत नाही. मात्र औषधांची पिशवी घेऊन निघताना त्यांतील जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो, "कामावर कधी जायचं?" वैद्यकीय दाखल्यांची नोंदवही माझ्या कार्यालयात असल्याने हा प्रश्न अखेर माझ्या टेबलापर्यंत येतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उपचारांविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही. तरीही दाखल्यांच्या बाजूने जे दिसले आणि आमच्या अस्थिरोग, शल्य व भौतिकोपचार विभागांतील डॉक्टरांशी बोलून जे समजले, ते देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर मांडण्याचे योजिले आहे.

इचलकरंजी हे यंत्रमागाचे गाव. एका पावसाळ्यात एकाच दिवशी दोन रुग्ण आले. दोघांचाही उजवा घोटा मुरगळला होता, दोघांचीही हाडे शाबूत होती आणि दोघांनाही 'दहा दिवस विश्रांती' असा एकाच शब्दांतला दाखला मिळाला. पहिले गृहस्थ एका पतसंस्थेत लिपिक होते. चौथ्या दिवशी पाय स्टुलावर ठेवून खुर्चीत बसण्यास त्यांना काहीच अडचण नव्हती. परंतु दाखल्यावर दहा दिवस लिहिलेले असल्याने व्यवस्थापकांनी त्यांना रुजू करून घेतले नाही. दुसरा यंत्रमाग कामगार होता. बारा तासांची पाळी, मागांमधल्या अरुंद वाटेतून सतत फेऱ्या, तेलकट फरशी, आणि मजुरी विणलेल्या कापडावर. तो दाखल्याप्रमाणे बरोबर अकराव्या दिवशी कामावर गेला आणि तेराव्या दिवशी रात्री तोच घोटा धरून पुन्हा अपघात विभागात आला. एकाचे सहा दिवस विनाकारण गेले, दुसऱ्याचे पुढे तीन आठवडे गेले. दोन्ही दाखल्यांवर सही-शिक्का आमचाच होता. त्यांत दिवस लिहिले होते; रुग्ण काम कोणते करतो, हे कोणी विचारलेच नव्हते.

घोटा मुरगळतो तेव्हा हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात किंवा अंशतः फाटतात. साधी दुखापत असेल तर सूज आणि दुखणे एक-दोन आठवड्यांत उतरते. अस्थिबंध भरून येण्याची क्रिया मात्र सहा आठवडे आणि त्याहूनही अधिक काळ चालते. दुखणे थांबणे आणि बरे होणे यांच्यामधला हा जो काळ आहे, त्यातच बहुतेक चुका होतात. नातेवाइकांची एक तक्रार मी येथे नोंदवितो: "साधा एक्स-रेसुद्धा काढला नाही." कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम मांडले. घोट्याच्या व पायाच्या मधल्या भागातील हाडांच्या ठरावीक जागी दाबून दुखत नसेल, आणि दुखापतीनंतर लगेच अथवा तपासणीच्या वेळी रुग्णाला चार पावले टाकता येत असतील, तर एक्स-रेची सहसा गरज लागत नाही. डॉक्टर बोटाने दाबून पाहतात आणि चालून दाखवायला सांगतात, ती तपासणीच असते.

याच्या उलट बाजू मनगटाची. घसरून पडताना माणूस हात टेकतो. एक्स-रे स्वच्छ येतो, घरचे निश्चिंत होतात आणि रुग्ण दुसऱ्या दिवशी ओझी उचलू लागतो. परंतु अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोलगट भागात दाबल्यावर दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाच्या लहानशा हाडाला चीर गेलेली असू शकते आणि ती पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. म्हणून डॉक्टर पट्टी ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतात. या हाडाचा रक्तपुरवठा नाजूक असल्याने दुर्लक्ष झाल्यास ते जुळत नाही आणि मनगट कायमचे अधू होऊ शकते. पहिला एक्स-रे स्वच्छ होता म्हणून पुन्हा न येणारे रुग्ण आमच्या डॉक्टरांना फार काळजीत टाकतात.

हाताच्या जखमेचे टाके साधारणतः दहा ते चौदा दिवसांनी काढतात. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या आठवड्यात त्या जागेच्या त्वचेला मूळच्या सुमारे वीस टक्केच ताकद आलेली असते. ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचायला तीन महिने लागतात. हिशेबनीसाची लेखणी आणि सायझिंगमधले बीम एकाच तारखेला उचलणे योग्य नाही, हे यावरून ध्यानात यावे. खाणावळीत काम करणाऱ्याचा प्रश्न आणखी निराळा. त्याच्या बोटावरची जखम चिघळली असेल, तर त्याला स्वतःला काम जमत असले तरी त्याच्या हातचे जेवणाऱ्यांना त्यापासून अपाय होऊ शकतो. झोप आणणारी औषधे चालू असलेल्या टेम्पोचालकालाही हेच लागू आहे.

डोक्याला मुका मार लागून क्षणभर भान हरपले असेल, तर पहिले एक-दोन दिवस विश्रांती घेऊन मग हळूहळू व्यवहार वाढवावेत. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसल्यास कामाचा विचार बाजूला ठेवून तडक रुग्णालयात यावे. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या जखमेबाबत 'दुखत नाही' या गोष्टीवर मुळीच विसंबू नये. त्यांच्या पायाची संवेदनाच कमी झालेली असू शकते.

कंबर धरली तर मात्र सल्ला उलटा आहे, आणि तो घरच्या वडीलधाऱ्यांना पटवून देणे कठीण जाते. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या नगरपालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेला एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. अचानक कंबर धरलेल्या या कर्मचाऱ्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात पडून राहण्यास, काहींना ठरावीक व्यायाम करण्यास, तर काहींना सोसवेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले होते. तिसऱ्या गटातील लोक सर्वांत लवकर सावरले. पायात बळ न राहणे, लघवीवरचा ताबा जाणे किंवा ताप येणे ही लक्षणे असल्यास हा नियम लागू नाही. तेव्हा ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे. एरवी साध्या कंबरदुखीसाठी महिनाभर झोपवून ठेवणे ही सेवा ठरत नाही.

आमच्या भौतिकोपचार विभागात रुग्णांना एक घरगुती चाचणी सांगितली जाते. कामावरची सर्वांत अवघड हालचाल कोणती, हे रुग्णाने स्वतः आठवावे आणि वेदनाशामक गोळी न घेता ती घरी सावकाश करून पाहावी. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वा दुखणे आदल्या सकाळपेक्षा वाढले असेल, तर अजून वेळ आहे असे समजावे. येथे एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कामावर जाण्या-येण्याचा प्रवास हाही कामाचाच भाग होय. खुर्चीत बसून काम करणारा लिपिकसुद्धा गर्दीच्या एसटीत अर्धा तास उभा राहत असेल, तर त्याचा घोटा टेबलापाशी नव्हे, बसमध्ये दुखावतो.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे हिशेबाकडे येतो. समजा, एका कामगाराची रोजची मजुरी ६०० रुपये आहे. डॉक्टरांनी चौदा दिवस सांगितले आणि तो पाच दिवस थांबून सहाव्या दिवशी कामावर गेला. नऊ दिवसांचे ५,४०० रुपये हाती आले. त्यानंतर तोच पाय पुन्हा मुरगळला आणि २१ दिवस घरी बसावे लागले, तर १२,६०० रुपये गेले; औषधपाणी वेगळे. कागदावर हा व्यवहार सरळ तोट्याचा आहे, आणि पूर्वी मी तो नातेवाइकांना असाच समजावून सांगत असे. एकदा एका कामगाराच्या पत्नीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "साहेब, ते बारा हजार पुढचे. भाडं परवा द्यायचं आहे." त्यानंतर मी हा हिशेब त्या सुरात कोणाला सांगितलेला नाही. थोडी शिल्लक असणाऱ्यालाच पुढच्या तोट्याचा विचार परवडतो.

ऊस तोडणाऱ्या जोडप्यांची स्थिती तर याहून कठीण. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो आणि हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एकाच्या नडगीला कोयता लागला की दोघांचे काम थांबते आणि खाडा झाला की त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात चढतात. अशा रुग्णाला 'पंधरा दिवस पाय टेकू नका' असे लिहून देणे सोपे आहे. तो दुसऱ्या दिवशी फडात उभा असणार, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते.

ज्यांचे नाव कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे, त्यांना काही आधार आहे. आजारपणात सरासरी वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम वर्षातून जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. कामावर झालेल्या अपघातामुळे तात्पुरते अपंगत्व आल्यास नव्वद टक्के, तेही अपंगत्व असेपर्यंत. मात्र त्यासाठी अपघाताची नोंद कारखान्यात झालेली असावी लागते आणि दाखला योजनेच्या डॉक्टरांकडून घ्यावा लागतो. कार्डधारक आधी आमच्याकडे येऊन मग तिकडे धावतात व मधले दिवस गमावतात. दुखापत लहान वाटली तरी ज्या दिवशी झाली त्याच दिवशी ती नोंदवून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मागच्या तारखेचा दाखला मागणाऱ्यांशी आमचे वर्षभर खटके उडतात. यात कारकुनाचा हट्ट नाही. वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेविषयीच्या २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांना दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंदवही आणि प्रत ठेवावी लागते, रुग्णाची ओळखखूण व सही किंवा अंगठा घ्यावा लागतो, आणि खोटा दाखला दिल्यास नोंदणी-पुस्तकातून नाव काढले जाऊ शकते. रुग्ण ज्या दिवशी तपासलाच नाही, त्या दिवसाविषयी डॉक्टरांनी काय लिहावे?

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१० पासून आजारपणाच्या जुन्या दाखल्याऐवजी नवा नमुना आला. त्यात 'काम करण्यास योग्य नाही' याखेरीज 'पुढील सोयी केल्यास काम करू शकेल' असाही पर्याय आहे: हळूहळू वेळ वाढविणे, कामाच्या वेळा बदलणे, काम बदलणे, किंवा कामाच्या जागी सोय करणे. मालकावर ते मानण्याची सक्ती नाही. तरीही बोलणी सुरू होण्यासाठी एक कागद हाती येतो. त्यावरून आमच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयासाठी एक साधा मराठी नमुना तयार केला. किती वेळ उभे राहता येईल, किती ओझे उचलता येईल, हात ओला चालेल काय, यंत्रावर उभे राहणे सुरक्षित आहे काय आणि पुन्हा तपासणी कधी, एवढेच रकाने त्यात आहेत. सुरुवातीला उल्लेखिलेला यंत्रमाग कामगार दुसऱ्यांदा आला तेव्हा हा नमुना नव्हता; डॉक्टरांनी साध्या कागदावरच 'तीन आठवडे बसून करण्याचे काम चालेल' असे लिहून दिले. त्याच्या मालकाने त्याला कापड तपासून गाठी काढण्याच्या कामाला, म्हणजे मेंडिंगला बसविले. मजुरी कमी मिळाली, पण आठवड्याचा पगार चुकला नाही.

घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी कोणी दाखला मागत नाही. प्लास्टर घातलेल्या हाताने पाण्याची कळशी उचलणारी गृहिणी 'कामावर परतली' असे कोणत्याच नोंदवहीत येत नाही. नव्या नमुन्यावर 'व्यवसाय' या रकान्यात 'घरकाम' असे लिहून तो घरातील इतरांच्या हाती द्यावा, अशी सूचना आमच्या परिचारिकांनी केली आणि ती आम्ही स्वीकारली आहे. सासूबाईंनी तो कागद वाचून सुनेच्या हातची बादली काढून घेतल्याचे मी स्वतः व्हरांड्यात पाहिले आहे.

राहिला प्रश्न निधीचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये आपल्या देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. हा निधी उपचारांसाठी आहे. विश्रांतीच्या दिवसांतील शिधा किंवा घरभाडे त्यातून देता येत नाही. त्यासाठी वेगळा 'विश्रांती साहाय्य' निधी उभारावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर ठेवण्यात आला आहे. रोख रक्कम न देता रुग्णाच्या कुटुंबाला दोन आठवड्यांचा शिधा द्यावा, समाजसेवा अधिकाऱ्यांनी घरी भेट देऊन गरज ठरवावी, आणि पुनर्तपासणीला येणाऱ्यांनाच दुसरा हप्ता मिळावा, असे त्याचे स्वरूप आहे. शिध्याऐवजी रोख द्यावी काय, यावर मंडळात दोन मते आहेत. भाडे तांदळाने भागत नाही, हे दुसऱ्या मताचे म्हणणे मला खोडून काढता आलेले नाही. या प्रस्तावाविषयी देणगीदारांनी आपले मत लेखी कळवावे. दाखल्याचा नवा नमुना चौकशी खिडकीवर मिळेल. तो भरून घेण्यासाठी येताना रुग्ण नेमके कोणते काम करतो, हे सांगू शकेल अशा व्यक्तीला सोबत आणावे.