उताऱ्याचे आकलन : पूर्व परीक्षेतील एक उपेक्षित अंग

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्व परीक्षेतील दुसरी प्रश्नपत्रिका, जी परीक्षार्थींमध्ये 'सीसॅट' या नावाने परिचित आहे, ती २०११ साली सुरू झाली आणि २०१५ पासून केवळ पात्रतेपुरती राहिली. २०० पैकी ६६ गुण मिळवले म्हणजे झाले, या समजुतीने तिच्याकडे काणाडोळा करण्याची प्रवृत्ती बळावली आहे. परंतु तेवढे गुण न मिळाल्यास पहिल्या प्रश्नपत्रिकेतील उत्तम गुणही विचारात घेतले जात नाहीत व वर्षभराचे परिश्रम वाया जातात. दोन तासांत ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण आणि चुकीच्या उत्तरामागे त्याच्या एक तृतीयांश वजावट, असा हा हिशेब आहे. यांतील बरेच प्रश्न उताऱ्यांवर असतात.

आपल्याकडील अभ्यासू विद्यार्थी येथे अडखळतात, ते पुष्कळदा त्यांची माहिती कमी पडते म्हणून नव्हे, तर ती अधिक असते म्हणून! उत्तर केवळ उताऱ्याच्या आधारे द्यावे, अशी सूचना असते. आणि नेमकी तीच विसरली जाते. गोव्यातील वाचकांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. समजा, उतारा असा आहे :

"खाजन शेतीच्या बांधातील मानशीची दारे भरतीच्या वेळी मिटतात व ओहोटीच्या वेळी उघडतात; त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही. ज्या गावांत बांधांची देखभाल थांबली, तेथील काही शेते ओसाड पडली आहेत."

यावरून कोणता निष्कर्ष निघतो? (अ) खाजनात कोरगुट हे खारेपणा सोसणारे भात पिकते. (ब) देखभाल सुरू होताच ओसाड शेते पुन्हा पिकतील. (क) देखभाल थांबलेल्या गावांतील सर्व शेती ओसाड झाली आहे. (ड) मानशीच्या दारांमुळे खाऱ्या पाण्यापासून शेताचे रक्षण होते.

'अ' हे विधान खरे आहे. शेतकऱ्याचा मुलगा त्यावर डोळे मिटून खूण करील. पण उताऱ्यात भाताचे नावही नाही. 'ब' ही सदिच्छा झाली. एकदा खारावलेली जमीन लगेच पिकेल किंवा नाही, याविषयी उतारा मौन पाळतो. 'क' मध्ये 'काही'चे 'सर्व' झाले आहे. घाईत वाचणाऱ्यास हा बदल सहसा दिसत नाही, म्हणून 'केवळ', 'बहुधा', 'प्रायः', 'नेहमी' अशा शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. उरले 'ड', ते साधे दिसते, आणि म्हणूनच अनेकदा वगळले जाते.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. मुख्य परीक्षेतील बहुतेक प्रश्नपत्रिकांची उत्तरे मराठीत लिहिता येतात. पूर्व परीक्षेचे उतारे मात्र इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत असतात. अनुवादित हिंदी क्वचित इतकी बोजड असते की मूळ इंग्रजी वाक्य पाहिल्यावाचून अर्थ लागत नाही. यास्तव दररोज एका इंग्रजी अग्रलेखातील एक परिच्छेद घ्यावा, त्याचे प्रतिपादन मराठीत एका वाक्यात लिहावे व आपल्या वाक्यातील प्रत्येक शब्दाला मूळ परिच्छेदातील कोणत्या ओळीचा आधार आहे, ते बोट ठेवून दाखवावे. ज्या शब्दाला आधार सापडत नाही, तो खोडावा.