शंका-समाधान : लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव

शंका : लग्नाला वर्ष झालं. मी नवऱ्याबरोबर एच-४ व्हिसावर न्यू जर्सीत राहते. पासपोर्टवर माहेरचंच नाव आहे. सासूबाई म्हणतात, नाव बदलून घे. इथल्या मैत्रिणी म्हणतात, बदललंस तर व्हिसा रद्द होईल. कुणाचं ऐकू?

समाधान : आधी स्वतःचं ऐका. लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. माहेरचं नाव तसंच ठेवून पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पतीचं नाव घालता येतं. अवलंबितांच्या व्हिसासाठी पती-पत्नीचं नातं दाखवायला विवाह प्रमाणपत्र असतंच; आडनाव एक असण्याची गरज नसते.

तरीही नाव बदलायचं असेल, तर छापील पासपोर्टात दुरुस्ती होत नाही हे लक्षात घ्या. ‘री-इश्यू’चा अर्ज करावा लागतो आणि नव्या क्रमांकाचं नवं पुस्तक मिळतं. शेवटच्या पानावर फक्त पतीचं नाव घालायचं असलं तरी मार्ग हाच. अर्ज तुमच्या भागातल्या भारतीय वकिलातीकडे जातो. अमेरिकेत तो वकिलातीनं नेमलेल्या सेवाकेंद्रामार्फत स्वीकारतात. सोबत विवाह प्रमाणपत्र आणि पतीच्या पासपोर्टची प्रत लागते. लग्न महाराष्ट्रात झालं आणि नोंदणी राहिली असेल, तर ती १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत करून घ्या. मांडवातले फोटो आणि लग्नपत्रिका प्रमाणपत्राची जागा घेत नाहीत.

आता मराठी घरांतली खरी गोम. आपलं नाव तीन पदरी असतं आणि पासपोर्टात रकाने दोनच : आडनाव आणि दिलेलं नाव. समजा, तुम्ही ‘सायली विनायक जोशी’ आहात, तर ‘सायली विनायक’ हे सगळं दिलेल्या नावात बसलेलं असतं. लग्नानंतर ‘सायली निखिल पाटील’ व्हायचं, की फक्त आडनाव बदलून ‘सायली विनायक पाटील’ राहायचं, हे अर्ज भरण्याआधी ठरवा. माझं मत विचाराल तर दुसरा पर्याय अधिक सोयीचा, कारण पदवीच्या प्रमाणपत्रांशी आणि जुन्या नोंदींशी निम्मं नाव तरी जुळतं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पतीच्या पासपोर्टवर असेल तेच लिहा. एका अक्षराचा फरक पुढे पॅन, बँक आणि मुलांच्या कागदांपर्यंत छळतो.

व्हिसाबद्दलची भीती मात्र सोडा. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो; त्यातल्या व्हिसाची मुदत असेल तर तो आपोआप रद्द होत नाही. प्रवासात दोन्ही पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवा. मात्र नाव बदलल्यावर नवा व्हिसा घ्यावा, अशी अमेरिकी परराष्ट्र खात्याचीच शिफारस आहे. म्हणून व्हिसाची मुदत संपत आली असेल, तर आधी पासपोर्ट बदला आणि पुढचा शिक्का नव्या नावानंच घ्या. भारतात यायचं तिकीट काढलेलं असेल, तर प्रवास उरकून मगच अर्ज करा. जुन्या नावाचं तिकीट आणि नव्या नावाचा पासपोर्ट अशी जोडी विमानतळावर अडते.

शंका : लग्नात माझं पाळण्यातलं नावही बदललं. आता लंडनला आहे. विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं बदलून मिळतील का?

समाधान : तांदळात लिहिलेलं नाव घरात कितीही रुळलं, तरी सरकारी कागदावर ते आपोआप येत नाही. आडनावासाठी विवाह प्रमाणपत्र चालतं. पहिलं नाव बदलायचं तर त्याचा वेगळा पुरावा द्यावा लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी राजपत्रात नोंद करतात. ती आधी करा, वकिलातीत नंतर जा. खरं सांगायचं तर, परदेशात बसून एवढी खटपट करण्यापेक्षा पासपोर्टवर जन्माचं नाव ठेवावं आणि घरच्यांनी हव्या त्या नावानं हाक मारावी, असं मी सुचवेन. आडनाव बदललंत, तर नवा पासपोर्ट हाती आल्यावर तुमच्या ब्रिटिश ई-व्हिसाच्या खात्यातही नवं नाव आणि नवा क्रमांक प्रवासाआधी नोंदवा.

शंका : मी नाव बदललेलं नाही, मुलाचं आडनाव वडिलांचं. दुबईहून त्याला एकटीनं घेऊन येताना अडचण येईल?

समाधान : मुलाच्या पासपोर्टवर आई म्हणून तुमचंच नाव असतं. ते तुमच्या पासपोर्टशी अक्षरशः जुळतं का, तेवढं पाहा. जन्मदाखल्याची प्रत आणि वडिलांचं संमतीपत्र बरोबर असू द्या. यासाठी तुमचं नाव बदलायची गरज नाही.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं : तुमच्यासाठी हे नियम नाहीत. नाव आधी त्या देशाच्या पासपोर्टवर बदलायचं आणि त्यानंतर ओसीआय कार्ड नव्या नावानं करून घ्यायचं.