दोघा मित्रांचा निरोप

शाळेच्या गुरुजींची बदली झाली की आपण गावकरी काय करतो? देवळापुढे सतरंजी अंथरतो. हार आणतो. शाल आणि नारळ आणतो. दोनचार जण बोलतात. एखाद्या म्हातारीचे डोळे भरून येतात. मग गुरुजी एस.टी.त बसतात आणि जातात. हे सारे चांगलेच आहे. त्यात खोटे काही नसते. पण गुरुजी रात्रीचा वर्ग चालवत होते, तो पुढच्या सोमवारी भरतो का? आम्ही पुष्कळ गावे पाहिली. बहुतेक ठिकाणी वर्गाला कुलूप लागते. फळ्यावर गुरुजींच्या हातची अक्षरे तशीच राहतात, आणि त्यांवर धूळ बसते.

या धड्यात एक लांबची गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे. अमेरिकेत घडलेली आहे. दारूपायी धुळीला मिळालेल्या माणसांनी एकमेकांचा हात धरून एक मंडळ उभे केले. त्या मंडळाचे दोन मोठे कर्ते होते. एक जण आजारी पडून गेले. दुसरे आपण होऊन बाजूला झाले. तेव्हा मागे राहिलेल्यांनी त्यांचे आभार कसे मानले, ते आता वाचू.

अमेरिकेत ओहायो नावाचे राज्य आहे. त्यात ॲक्रन हे शहर आहे. मोटारींच्या टायरांचे कारखाने तिथे होते. 1935 सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी तिथे आले. त्यांचे नाव बिल. वय 39. पूर्वी हे बिल भारी पिणारे. नोकरी गेली, पैसा गेला, बायकोच्या कमाईवर घर चालले. 1934 च्या डिसेंबरात त्यांनी दारू सोडली होती. पाच महिने झाले होते. ॲक्रनला आले आणि धंद्याचे काम फसले. खिशात पैसा नाही. गाव परके. ते हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे होते आणि शेजारच्या दारूच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता.

पिणाऱ्या माणसाला ही घटका ठाऊक असते. पाय आपोआप तिकडे वळतात.

बिल यांनी पाय आवरले. त्यांच्या मनात आले, "मला आत्ता दुसरा एखादा दारुडा भेटला पाहिजे. त्याच्याशी बोललो तर मी वाचेन." हे ऐकून तुम्हाला हसू येईल. बुडणारा माणूस दुसऱ्या बुडणाऱ्याला शोधतो म्हणजे काय? पण ते खरे ठरले. त्यांनी पाद्र्यांना टेलिफोन केले. विचारत विचारत एका बाईंचा पत्ता लागला. त्या बाईंच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. नाव बॉब, वय 55. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, आणि हात दारूने कापणारे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता भेट ठरली. डॉक्टर बॉब यांनी आधीच सांगून ठेवले, "पंधरा मिनिटांवर बसणार नाही." त्यांना पुष्कळांनी उपदेश केला होता. त्याचा त्यांना कंटाळा आला होता. पण बिल यांनी उपदेश केलाच नाही. ते आपलीच कहाणी सांगू लागले. कशी प्यायलो, कसे खोटे बोललो, कशी शपथ घेतली आणि कशी मोडली. डॉक्टर ऐकत राहिले. हा माणूस माझीच गोष्ट सांगतो आहे, असे त्यांना वाटले. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

तरी डॉक्टर एकदा पुन्हा घसरले. हेही सांगितले पाहिजे, कारण दारू एका झटक्यात सुटते असे समजून कितीतरी घरे निराश होतात. 10 जून 1935 या दिवशी त्यांना शस्त्रक्रिया करायची होती. हात थरथरत होते. हात थांबावे म्हणून बिल यांनीच त्यांना बीअरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची दारू. तोच दिवस मंडळाचा जन्मदिवस मानतात.

मंडळाचे नाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. म्हणजे आपले पुरे नाव न सांगणारे दारुडे. लोक त्याला नुसते ए. ए. म्हणतात. इथे वर्गणीची सक्ती नाही. दारू सोडायची इच्छा असली की माणूस सभासद झाला. बैठकीत कोणी उठतो, आपले पहिले नाव सांगतो, आपली हकीकत सांगतो. बाकीचे ऐकतात. इथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. एवढेच.

डॉक्टर बॉब यांनी पुढची पंधरा वर्षे या कामाला दिली. दारूच्या रोग्यांना कोणी इस्पितळात घेत नसे. तेव्हा ॲक्रनच्या एका इस्पितळात सिस्टर इग्नेशिया नावाच्या जोगीण बाई होत्या. 1939 साली त्यांनी डॉक्टरांचा एक रोगी पोटाचे दुखणे म्हणून नोंदवून घेतला. त्याला ठेवायला खोली नव्हती, म्हणून रोग्यांची फुले सजवायच्या खोलीत ठेवला! पुढे त्या दोघांनी मिळून हजारो रोगी तपासले. डॉक्टरांनी त्यांच्याकडून फी घेतली नाही. (इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. फार पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर अंग कापते, फिट येते, कधी जिवावरही बेतते. म्हणून डॉक्टरांना दाखवूनच सोडावी.)

डॉक्टरांच्या पत्नी ॲनबाई घरी आलेल्या परक्या माणसांना कॉफी देत, त्यांच्या बायकांना धीर देत. बायकांचे दुःख वेगळे असते. 1951 साली बिल यांच्या पत्नी लोइस यांनी एका मैत्रिणीच्या जोडीने घरच्या माणसांचे वेगळे मंडळ काढले. ते अल-अनॉन. आम्हाला विचाराल तर पहिले आभार या बायांचे मानायला हवेत. पण तो धडा वेगळा.

1949 साली ॲनबाई वारल्या. डॉक्टरांना कर्करोग झाला होता. काही मित्रांच्या मनात आले की या दोघांसाठी एक मोठे स्मारक बांधू. पैसेही जमवू. डॉक्टरांच्या कानावर गेले. त्यांनी साफ नाही म्हटले. चारचौघांसारखेच पुरावे, असे त्यांचे सांगणे होते. तसेच झाले. त्यांच्या थडग्यावर ए. ए. चे नावसुद्धा नाही.

1950 च्या जुलैत क्लीव्हलंड शहरात मंडळाचा पहिला मोठा मेळावा भरला. दूरदूरचे लोक आले. डॉक्टर फार आजारी होते. तरी आले. उभे राहिले आणि थोडेच बोलले. आपले काम साधे ठेवा, उगीच गुंतागुंत करू नका, असे ते म्हणाले. जीभ सांभाळा, असेही म्हणाले. मग त्यांनी आठवण करून दिली की आपल्यापैकी प्रत्येकाला कोणीतरी वेळ दिला होता. कोणीतरी समजावले, कोणीतरी पाठीवर हात ठेवला, कोणीतरी बैठकीला नेले. म्हणून आपण आज इथे आहोत.

पाहा, निरोप त्यांचा होता, आणि आभार तेच मानत होते. एवढे बोलून ते परत गेले. 16 नोव्हेंबर 1950 ला त्यांचे निधन झाले.

आता उरले बिल. सारे त्यांच्याकडे बघू लागले. तंटा झाला, लिही बिलना. पैशाचा प्रश्न आला, विचार बिलना. आपल्याकडेही असे होते. दूध सोसायटीचा एक चेअरमन वीस वर्षे राहतो. लोक म्हणतात, "तुमच्याशिवाय कोण आहे?" चेअरमनलाही ते गोड लागते. बिल यांनाही लागत नसेल असे नाही. पण त्यांना एक भीती होती. "मी मेलो तर? किंवा मीच पुन्हा प्यायलो तर?" हजारो माणसांचा जीव एका माणसाच्या शुद्धीवर टांगून ठेवणे त्यांना बरोबर वाटेना.

म्हणून त्यांनी ठिकठिकाणच्या सभासदांनी निवडलेल्या प्रतिनिधींची सभा काढायचे ठरवले. जुन्या लोकांना ते रुचले नाही. "आहे ते बरे चालले आहे," असे ते म्हणाले. डॉक्टर बॉब यांनाही आधी घाई नको होती. पण मरणाआधी काही महिने त्यांनी होकार दिला. 1951 च्या एप्रिलात न्यूयॉर्कला पहिली सभा भरली. मग चार वर्षे ती चालवून पाहिली.

1955 च्या जुलैत सेंट लुइस शहरात दुसरा मेळावा भरला. मंडळाला वीस वर्षे झाली होती. सभासद लाखावर गेले होते. मेळाव्याला पाच हजारांच्या आसपास माणसे होती. तिसऱ्या दिवशी, 3 जुलैला, बिल यांनी ठराव मांडला. आजपासून मंडळाचा कारभार तुमच्या प्रतिनिधींच्या सभेकडे. लोकांनी एकमुखाने होकार दिला. आपल्या माणसावर प्रेम असताना "होय, तुम्ही बाजूला व्हा, आम्ही सांभाळू," असे म्हणणे सोपे नसते. त्या लोकांनी ते म्हटले.

त्यानंतर बिल साडेपंधरा वर्षे जगले. लिहीत राहिले, बोलत राहिले. उतारवयात त्यांना एका जीवनसत्त्वाचे फार वेड लागले. त्याने दारुड्यांना बरे वाटते, असे ते सर्वांना सांगू लागले. मंडळाच्या विश्वस्तांना ते पटेना. हे मंडळाचे काम नव्हे, त्यासाठी मंडळाच्या कचेरीचा पत्ता वापरू नका, असे त्यांनी खुद्द बिल यांना सांगितले! बिल यांनी ऐकले. त्या कामाला वेगळा पत्ता घेतला. आपल्या गावात संस्थापकाला असे सांगायची कोणाची छाती होईल? आणि सांगितले तर तो ऐकेल? आम्हाला तर शाल-नारळापेक्षा हा मान मोठा वाटतो. दोन्ही बाजूंनी.

बिल देवमाणूस नव्हते. दारू सुटली, पण सिगारेट पुष्कळ वर्षे सुटली नाही. फुप्फुसे गेली. 24 जानेवारी 1971 ला ते वारले. 1954 साली येल नावाच्या मोठ्या विद्यापीठाने त्यांना मानाची पदवी देऊ केली होती. ती त्यांनी घेतली नाही. नाव मिरवायचे नाही, हा मंडळाचा नेम त्यांनी आधी स्वतःला लावला. त्यांच्याही थडग्यावर ए. ए. चा उल्लेख नाही.

मंडळ बंद पडले नाही. आज ते पुष्कळ देशांत आहे. आपल्या महाराष्ट्रातही त्याच्या बैठका मराठीतून भरतात. तिथेही कारभार एकाच्या गळ्यात कायमचा राहत नाही. मुदत संपली की चिटणीस वही आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती देतो, आणि पुन्हा साध्या खुर्चीवर येऊन बसतो. नवा माणूस दारात घुटमळत असला, तर उठून त्याला आत घेतो.

ए. ए. मध्ये दारू सोडून वर्ष झाले की सभासदाला एक नाणे देतात. बाजारात त्याची किंमत शून्य. पण ते ज्याचे त्यालाच कळते. डॉक्टर बॉब यांचे थडगे ॲक्रनला आहे, आणि बिल यांचे दूर व्हरमाँट राज्यात, त्यांच्या जन्मगावी. लोक आजही तिथे जातात. फुले ठेवतात, नाही असे नाही. पण पुष्कळ जण खिशातून आपले ते नाणे काढतात, दगडावर ठेवतात, आणि परत फिरतात. कोणावर एक वर्ष लिहिलेले असते, कोणावर दहा, कोणावर तीस.