शुद्धिस्थान, बरजख आणि मृतांसाठी प्रार्थना
ख्रिस्ती पंथांतील मतभेदांचा अभ्यास

परलोकावरील श्रद्धा हा इस्लामच्या मूलभूत श्रद्धांपैकी एक आहे. ख्रिस्ती बांधवही मरणोत्तर जीवन, पुनरुत्थान आणि अंतिम न्याय मानतात. परंतु मृत्यू आणि न्यायाचा दिवस यांच्या मधल्या काळात माणसाच्या आत्म्याचे काय होते आणि मागे राहिलेल्यांना त्याच्यासाठी काही करता येते काय, या प्रश्नाला सर्व ख्रिस्ती लोक एकच उत्तर देत नाहीत. या एका प्रश्नावरून त्यांच्यात अनेक शतके वाद झाले आणि अखेरीस पश्चिम युरोपातील चर्च दुभंगले.

आपल्याकडे मात्र ‘ख्रिस्ती लोक असे मानतात’ असे सरसकट विधान सहज केले जाते. ग्रंथधारकांशी चर्चा करावयाची तर ती उत्तम रीतीनेच करावी, अशी दिव्य कुरआनची शिकवण आहे (सूरह अल्‌-अन्‌कबूत, आयत 46). समोरच्याची श्रद्धा तो स्वतः जशी मांडतो तशी समजून घेणे, ही उत्तम रीतीची पहिली अट होय.

कॅथॉलिक चर्चची शिकवण

कॅथॉलिक शिकवणीनुसार मृत्यूनंतर लगेच प्रत्येक आत्म्याचा वैयक्तिक न्याय होतो. ईश्वराच्या कृपेत मरण पावलेला, पण अद्याप पूर्ण शुद्ध न झालेला आत्मा थेट स्वर्गात जात नाही. त्याची आधी शुद्धी होते. या अवस्थेला ‘परगेटरी’ म्हणतात. मराठीत तिला शुद्धिस्थान म्हणता येईल.

येथे दोन गैरसमज टाळले पाहिजेत. पहिला, शुद्धिस्थान म्हणजे स्वर्ग आणि नरक यांमधील तिसरे कायमचे ठिकाण होय, हा. तेथील प्रत्येक आत्मा शेवटी स्वर्गातच जातो, असे कॅथॉलिक मानतात. दुसरा, दुष्टांना मृत्यूनंतर तेथे पश्चात्तापाची संधी मिळते, हा. कॅथॉलिक मतानुसारही कर्माची मुदत मृत्यूबरोबर संपते; शुद्धी होते ती आधीच तारण पावलेल्याची. शुद्धिस्थान म्हणजे एखादे स्थळ नसून ती एक अवस्था आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1999 साली स्पष्ट केले होते.

ही शिकवण टप्प्याटप्प्याने निश्चित होत गेली. 1274 ची लियोंची धर्मसभा, 1439 ची फ्लॉरेन्सची धर्मसभा आणि 1563 मधील ट्रेंटच्या धर्मसभेचा ठराव, हे तिचे मुख्य टप्पे होत. पोपच्या गादीवरही यासंबंधी मतभेद झाले. सज्जनांच्या आत्म्यांना अंतिम न्यायापूर्वी ईश्वराचे पूर्ण दर्शन होत नाही, असे प्रवचन पोप जॉन बाविसावे यांनी 1331 साली केले. त्यावर मोठा वाद माजला. 1334 मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतले. पुढे 1336 मध्ये बेनेडिक्ट बारावे यांनी, शुद्ध आत्म्यांना ते दर्शन मृत्यूनंतर लगेच होते, असा निर्णय दिला.

या श्रद्धेतूनच मृतांसाठी मिस्सा, प्रार्थना व दानधर्म यांची परंपरा निर्माण झाली. दरवर्षी 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस असतो. वसई, मुंबई व गोव्यातील कॅथॉलिक कुटुंबे या सुमारास कबरी स्वच्छ करून तेथे फुले वाहताना व मेणबत्त्या लावताना दिसतात. गोव्यात लग्नकार्याच्या निमित्ताने मृत पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवू घालण्याची प्रथा आहे. तिला ‘भिकाऱ्यांचे जेवण’ म्हणतात.

आधार कोणता?

कॅथॉलिक पंडित प्रामुख्याने मक्काबी लोकांच्या दुसऱ्या पुस्तकाचा दाखला देतात. यहुदी सेनापती यहूदा मक्काबी याने युद्धात पडलेल्या सैनिकांच्या पापाबद्दल अर्पण करण्यासाठी वर्गणी जमवून ती जेरुसलेमला पाठविली, असा प्रसंग त्यात आहे. परंतु प्रोटेस्टंट पंथ या पुस्तकाला प्रमाण धर्मग्रंथ मानत नाहीत. त्यांच्या बायबलमध्ये ते सामान्यतः नसते. म्हणजे हा वाद अर्थ कोणता या प्रश्नापूर्वी, ग्रंथ कोणते या प्रश्नापासूनच सुरू होतो.

दुसरा दाखला पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचा आहे. माणसाचे काम अग्नीने पारखले जाईल, ते जळून गेले तर त्याची हानी होईल, पण तो स्वतः जणू अग्नीतून निघून वाचेल, असा त्याचा आशय. कॅथॉलिक पंडित यात शुद्धीचा अग्नी पाहतात. प्रोटेस्टंट भाष्यकार सामान्यतः अंतिम न्यायाच्या दिवसाची परीक्षा पाहतात.

पूर्वेकडील चर्चची भूमिका

ग्रीक, रशियन आदी ऑर्थोडॉक्स चर्चेस शुद्धिस्थानाचा सिद्धान्त स्वीकारत नाहीत. फ्लॉरेन्सच्या धर्मसभेत पूर्व-पश्चिम ऐक्याचा करार झाला, तेव्हा इफिसचे बिशप मार्क यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. शुद्ध करणारा अग्नी हा तेथील एक प्रमुख वादविषय होता.

असे असूनही ऑर्थोडॉक्स लोक मृतांसाठी आवर्जून प्रार्थना करतात. मृत्यूनंतर तिसऱ्या, नवव्या व चाळिसाव्या दिवशी विशेष प्रार्थना होते आणि उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ वाटला जातो. प्रार्थनेचा लाभ मृताला कसा पोहोचतो, हे ईश्वराच्या दयेवर सोडावे, अशी त्यांची भूमिका आहे. प्रार्थना मान्य करून तिचा हिशेब मांडण्याचे नाकारणारी ही भूमिका विचारात घेण्यासारखी आहे.

1517 : शिक्षेला किंमत लागली तेव्हा

पश्चिमेत हा हिशेब फार पुढे गेला. पापाची क्षमा झाली तरी त्याची काही ऐहिक शिक्षा उरते आणि ती चर्च आपल्या अधिकाराने कमी करू शकते, असा सिद्धान्त होता. अशा सवलतीच्या पत्रांना क्षमापत्रे म्हटले जाई. 1476 मध्ये पोप सिक्स्टस चौथे यांनी या सवलतीचा लाभ शुद्धिस्थानातील आत्म्यांनाही लागू केला. पुढे रोममधील सेंट पीटरच्या भव्य चर्चच्या बांधकामासाठी निधी हवा होता. योहान टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक जर्मनीत ही पत्रे देऊन पैसा गोळा करू लागला. आपल्या मृत आईवडिलांची यातनांतून सुटका व्हावी म्हणून गरीब माणसेही पदरचे पैसे देऊ लागली.

31 ऑक्टोबर 1517 रोजी विटेनबर्गचे प्राध्यापक मार्टिन लूथर यांनी याविरुद्ध 95 मुद्दे मांडले. पोपना आत्म्यांची सुटका करता येत असेल, तर ते पैशासाठी न करता केवळ प्रेमापोटी सर्वांची सुटका का करीत नाहीत, असा लोकांच्या मनातील प्रश्न त्यांनी त्यात नोंदविला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या मुद्द्यांत लूथरनी शुद्धिस्थान नाकारले नव्हते. तो नकार 1530 मध्ये आला. आधी बाजार खटकला, मग त्या बाजाराला आधार देणारा सिद्धान्तही संशयास्पद वाटू लागला.

कॅथॉलिक चर्चनेही पुढे सुधारणा केली, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. ट्रेंटच्या धर्मसभेने शुद्धिस्थानाची शिकवण कायम ठेवली, पण तिच्या नावाखाली चालणाऱ्या हलक्या धनलोभाला व अंधश्रद्धेला बंदी केली. 1567 मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशांशी जोडलेल्या सवलती रद्द केल्या.

प्रोटेस्टंटांतील भिन्न मते

बहुसंख्य प्रोटेस्टंटांच्या मते येशूचे बलिदान पूर्ण असल्याने वेगळ्या शुद्धीची गरज उरत नाही. श्रद्धावंत मृत्यूनंतर लगेच प्रभूजवळ जातो, म्हणून ते सहसा मृतांसाठी प्रार्थना करीत नाहीत. त्यांच्या अंत्यविधीतील प्रार्थना ईश्वराचे आभार व कुटुंबाचे सांत्वन यांसाठी असते. आपल्या प्रोटेस्टंट शेजाऱ्याकडे सांत्वनासाठी जाताना हे ठाऊक असलेले बरे.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट, ज्यांचे पुण्यात स्पायसर विद्यापीठ आहे, ते मृत्यूला अजाण निद्रा मानतात. पुनरुत्थानापर्यंत मृताला काही जाणवत नाही आणि दुष्टांचा शेवटी समूळ नाश होतो, असे ते म्हणतात. यहोवाचे साक्षीदारही सार्वकालिक नरकयातना मानत नाहीत. 1,44,000 निवडक लोक स्वर्गात जातील व इतर सज्जन नंदनवन झालेल्या पृथ्वीवर राहतील, ही त्यांची शिकवण आहे.

इस्लामची शिकवण

मृत्यूपासून पुनरुत्थानापर्यंतच्या काळाला कुरआनने ‘बरजख’ म्हणजे पडदा म्हटले आहे (सूरह अल्‌-मुअ्‌मिनून, आयत 100). बरजखला शुद्धिस्थान म्हणणे योग्य नाही. बरजखमधून सज्जन व दुर्जन सर्वांनाच जावे लागते. शुद्धिस्थान केवळ तारण पावलेल्यांसाठी आहे. सूरह अल्‌-आराफमध्ये उल्लेखिलेल्या उंचवट्यावरील लोकांविषयी अनेक भाष्यकार म्हणतात की, त्यांची सत्कृत्ये व दुष्कृत्ये समसमान असतील. पण तो कयामतच्या दिवसाचा प्रसंग आहे. अहले सुन्नतच्या मते पापी श्रद्धावंतांपैकी ज्यांना शिक्षा होईल, तेही शेवटी अल्लाहच्या कृपेने जहन्नममधून बाहेर काढले जातील. शुद्धिस्थानाशी काही साम्य असलेच, तर ते येथे आढळते.

कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे उचलणार नाही, हे कुरआनने निक्षून सांगितले आहे. त्याचबरोबर आपल्याआधी श्रद्धा ठेवून गेलेल्यांसाठी क्षमायाचना करण्याचीही शिकवण दिली आहे (सूरह अल्‌-हश्र, आयत 10). माणूस मेल्यावर निरंतर दान, उपयुक्त ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती या तीन गोष्टींचे पुण्य चालू राहते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) विचारून आपल्या दिवंगत आईच्या वतीने एक बाग दान केली होती.

दुआ व सदका मृताला लाभतात, याविषयी अहले सुन्नतमध्ये एकमत आहे. कुरआनपठणाचे पुण्य पोहोचते काय, याबाबत मात्र फिक्हच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. हनफी विद्वान ते पोहोचते असे मानतात, तर शाफई पंथातील प्रसिद्ध जुने मत याहून वेगळे आहे. महाराष्ट्रात कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई व इतरत्र बहुतांशी हनफी असल्याने घराघरांत हा फरक दिसतो. परंतु मोबदला ठरवून केलेल्या पठणाबाबत दमास्कसचे थोर हनफी फकीह इब्ने आबिदीन यांनी स्पष्ट सांगितले की, पैशासाठी वाचणाऱ्यालाच पुण्य मिळत नाही, मग तो मृताला काय पोहोचविणार?

आपल्यासाठी बोध

मृत आप्तांसाठी काही करावे, ही ओढ कॅथॉलिक आईच्या मनात असते तशीच आपल्याही मनात असते. ती निर्मळ आहे. पण शोकाच्या क्षणी माणूस काहीही द्यायला तयार होतो आणि नेमका त्याच क्षणी दयेला दरपत्रक लावण्याचा मोह धर्माच्या नावाने वावरणाऱ्यांना होतो. सोळाव्या शतकातील युरोपात हे घडले. आपल्या मोहल्ल्यात कर्ज काढून चाळिसाव्याच्या पंगती उठत असतील आणि पठणाचे दर ठरत असतील, तर आपणही तीच वाट धरली आहे, असे समजावे.

अनाथाची फी भरणे, एखाद्या वस्तीत पाण्याची सोय करणे, मृताचे कर्ज फेडणे, त्याने दुखावलेल्यांची माफी मागणे आणि पाच वेळच्या नमाजनंतर मनापासून दुआ करणे, यांसाठी कोणत्याही मध्यस्थाची गरज नाही. आणि यांहूनही आधी, आपला हिशेब आपल्यालाच द्यावयाचा आहे हे ओळखून जिवंतपणीच तौबा करणे आवश्यक आहे.

अल्लाह आपल्या सर्व दिवंगतांना मगफिरत देवो आणि आपल्याला सत्य समजून घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.