टोकियोला जाताना अकरा तास, येताना सहाच?

प्रश्न : जानेवारीत मुलीकडे टोकियोला जायचंय. तिकिटावर दिल्लीहून रात्री ८ ला निघून सकाळी ७ ला पोहोच, म्हणजे ११ तास. परतताना सकाळी ११:३० ला सुटून संध्याकाळी ५:३० ला दिल्ली, म्हणजे सहाच! आमचे हे म्हणतात, पृथ्वी पूर्वेला फिरते, म्हणून टोकियो विमानापुढे पळतं आणि येताना दिल्ली सामोरी येते. खरं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : तर्क झकास आहे, पण तसं असतं तर टोकियो कधी हाती लागलंच नसतं. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटरने पळते, दिल्लीच्या अक्षांशावर थोडी कमी. विमान जातं ताशी ९०० च्या आसपास. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच असतं.

तिकिटावर जिथली वेळ तिथलीच छापतात. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. जाताना ते वजा करा, येताना मिळवा. अकराचे होतात साडेसात, सहाचे साडेनऊ. म्हणजे लांबतो तो परतीचाच प्रवास!

अंतर दोन्हीकडून तेवढंच, सरळ रेषेत सुमारे ५,९०० किलोमीटर. ही रेषा तिबेटवरून जाते, म्हणून विमानं सहसा दक्षिणेकडून वळसा घेतात. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान चटकन तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली आणावं लागतं, आणि तिबेटात जमीनच सरासरी साडेचार किलोमीटरवर आहे!

तफावत करतो तो वारा. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे 'जेट स्ट्रीम' वाहतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला आणि निष्कर्ष छापले चक्क एस्पेरांतो भाषेत. जगाला कळावेत म्हणून निवडलेली भाषा, वाचणारे मोजके! १९४४ मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना हाच वारा असा भिडला की बॉम्बचे नेम चुकू लागले.

हिशेब करून बघा. ६,००० किलोमीटर, विमान ९०० चं, वारा सरासरी १२० चा. पाठीशी असेल तर वेग १,०२०, वेळ पावणेसहा तासांहून थोडी जास्त. समोरून असेल तर ७८०, वेळ सुमारे सात तास चाळीस मिनिटं. वळसा आणि चढ-उतार यांचा वेळ वेगळा. जाण्या-येण्यात फिट्टंफाट होत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. तुमच्या ह्यांना एवढं श्रेय मात्र द्या, की या वाऱ्याला पूर्वेकडे वळवते ती फिरणारी पृथ्वीच.

उन्हाळ्यात हा प्रवाह मंदावून उत्तरेला सरकतो, तेव्हा फरक कमी होतो. तुम्ही जानेवारीत निघालात, म्हणजे ऐन जोरात. परतीला पाय मोकळे करायला सोयीची, कडेची जागा मागून घ्या.