जुन्या स्नेह्यांशी आठवणींच्या गप्पा : ज्येष्ठांच्या मनःस्वास्थ्याविषयी कुटुंबीयांसाठी माहिती

आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीचे बोलणे हळूहळू कमी होत गेले, तर ते बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, गोळ्यांच्या वेळा पाळल्या जातात. परंतु ती व्यक्ती आज कोणाशी मनमोकळे चार शब्द बोलली की नाही, याची नोंद कोणी ठेवत नाही. 'वय झाले, आता शांत झाले आहेत' असे म्हटले जाते. हे शांत होणे प्रत्येक वेळी वयामुळे असतेच असे नाही. ज्यांच्याशी बोलावे अशी माणसे आसपास न उरणे हेही त्याचे कारण असू शकते. नोकरीनिमित्त मुले दुसऱ्या शहरात स्थायिक होतात, आईवडील त्यांच्याकडे राहावयास येतात, आणि पन्नास वर्षांचे स्नेहसंबंध जुन्या गावी राहून जातात.

गतकाळात रमणे एके काळी आजार समजले जाई. १६८८ मध्ये योहानेस होफर यांनी बाझल येथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात, घरापासून दूर असलेल्या माणसांच्या झुरणीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले ते एका व्याधीचे नाव म्हणूनच. वृद्ध माणसे जुन्याच गोष्टी बोलत राहतात, हे बुद्धी मंदावल्याचे चिन्ह मानण्याची प्रवृत्तीही दीर्घकाळ होती. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये या समजुतीला छेद दिला. आयुष्याच्या उत्तरार्धात मागे वळून पाहणे ही मनाची स्वाभाविक गरज आहे, असे त्यांनी मांडले. त्यानंतर ज्येष्ठांच्या सेवेत आठवणींच्या संवादाला उपचाराचे स्थान मिळत गेले.

मित्राचीच आवश्यकता का?

आपण कितीही प्रेमाने ऐकले, तरी आपल्या वडिलांना आपण वडील म्हणूनच ओळखतो. ते वडील होण्यापूर्वी कोण होते, हे त्यांचा वर्गमित्र जाणतो. नातवाला गोष्ट सांगताना आजोबांना प्रत्येक संदर्भ समजावून द्यावा लागतो; मित्रापुढे अर्धे वाक्य पुरते, उरलेले अर्धे तो पूर्ण करतो. विसरलेले नाव एकाला आठवले की त्या नावामागोमाग दुसऱ्याला एखादा संपूर्ण दिवस आठवतो. अशी परस्परांची मदत कुटुंबीय फारशी करू शकत नाहीत, कारण ते तेथे नव्हते.

स्त्रियांच्या बाबतीत ही उणीव अधिक खोल असते आणि तिच्याकडे दुर्लक्षही अधिक होते. विवाहानंतर गाव बदलते, आडनाव बदलते. मराठी घरांत पूर्वी पाळण्यातले नावही बदलले जाई. त्या पहिल्या नावाने हाक मारणारी मैत्रीण सत्तराव्या वर्षी भेटली, तर त्या एका हाकेनेही आजींच्या चेहऱ्यावर पालट दिसतो. अशा मैत्रिणीचा शोध घ्यावयाचा असल्यास आजींच्या माहेरी विचारावे. तिच्या भावाचे वा बहिणीचे घर बहुधा अजून त्याच गावात सापडते.

मैत्रीची भाषा घरातील भाषेहून निराळी असू शकते, हेही लक्षात असू द्यावे. भिलाई वा जमशेदपूरच्या कारखान्यात, रेल्वेत किंवा सैन्यदलात आयुष्य घालवलेल्या मराठी माणसाचा जिवलग मित्र पंजाबी वा तेलुगूभाषक असतो. त्या मित्राशी बोलताना आजोबा जी हिंदी बोलतात, ती घरात कोणी बोलत नाही. ती कानी पडू लागली की समजावे, गप्पा रंगल्या.

जुने का आठवते?

सर्वसाधारणपणे दहा ते तीस या वयांतील घटना उतारवयात सर्वाधिक स्पष्ट आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. पहिली शाळा, पहिली नोकरी, पहिले वेतन, विवाह असे बरेचसे 'पहिले' प्रसंग याच काळात घडतात, हे त्याचे एक कारण मानले जाते. १९८० च्या फेब्रुवारीतील सूर्यग्रहणाच्या दिवशी ओस पडलेले रस्ते, १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची ती रात्र, दूरचित्रवाणीवर रामायण लागले की शेजाऱ्यांनी भरून जाणारी खोली यांपैकी एखादा विषय काढला, तरी देशाच्या कोणत्याही भागातील दोन समवयस्कांना बोलण्यास सुरुवात मिळते.

स्मृतिभ्रंशाच्या आरंभीही सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण शाळेतील गुरुजींचे नाव आठवते. म्हणून अशा व्यक्तीशी 'काल कोण आले होते?' असे परीक्षा घेतल्यासारखे बोलण्यापेक्षा जुन्या छायाचित्रावरून बोलणे तिला सोपे जाते. येथे अपेक्षा मात्र वाजवी ठेवावी. आठवणींवर आधारित उपचारांविषयीच्या २२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांच्या जीवनमानात, संवादात व मनःस्थितीत सुधारणा दिसली, परंतु ती लहान होती आणि सर्वत्र सारखी नव्हती. गप्पांनी स्मृतिभ्रंश बरा होत नाही. तो तास चांगला जातो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना त्या तासाचे मोल सांगावयास नको.

गप्पा घडवून आणताना

प्रथम कान तपासून घ्यावेत. पुष्कळ ज्येष्ठ मित्रांना फोन करणे सोडून देतात ते स्नेह आटला म्हणून नव्हे, तर ऐकू येत नाही हे सांगण्याचा संकोच वाटतो म्हणून. श्रवणदोष, नैराश्य आणि सामाजिक एकटेपणा हे तिन्ही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे घटक म्हणून ओळखले जातात. त्यामुळे कानांच्या तपासणीचा लाभ दुहेरी आहे. मोबाइलवर चेहरा दिसेल असा कॉल लावून द्यावा, पंखा व दूरचित्रवाणी बंद करावी, आणि शक्यतो सकाळची वेळ निवडावी. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना सायंकाळी अस्वस्थ वाटू लागते. अर्धा तास पुष्कळ झाला. व्हॉट्सॲपवर रोज येणाऱ्या सुप्रभाताच्या फुलांना मात्र गप्पा समजू नये.

कॉल लावून दिल्यावर आपण दूर व्हावे. मध्येच 'हे तुम्ही मागच्या वेळीही सांगितले' असे म्हणू नये. दोघांच्या सांगण्यात तफावत आढळल्यास निवाडा करू नये; प्रत्येक वेळी आठवताना मन त्या प्रसंगाची नव्याने जुळणी करते, त्यामुळे दोन मित्रांच्या एकाच सहलीत पाऊस एकाच्या आठवणीत असतो व दुसऱ्याच्या नसतो. त्यावरून ते वाद घालतील. घालू द्यावा.

मित्र हयात नसल्यास त्याच्या पत्नीशी वा भावंडांशीही बोलणे होऊ शकते. अशा वेळी डोळे पाणावले म्हणून घाईघाईने विषय बदलू नये. दिवंगत स्नेह्यासाठी रडणे आणि नैराश्य या निरनिराळ्या गोष्टी आहेत.

सावधगिरी कोठे बाळगावी?

प्रत्येक आठवण सुखद नसते. फाळणी, पूर, अपत्याचा मृत्यू, भावाभावांतील तुटलेले संबंध असे विषय आपणहून उकरून काढू नयेत. व्यक्तीने स्वतः काढल्यास शांतपणे ऐकावे. गप्पांनंतर मन हलके होण्याऐवजी 'तेव्हाच मी काही तरी होतो, आता कशाचाही नाही' हाच सूर पुनःपुन्हा उमटत असेल, तर केवळ गप्पा वाढवून भागणार नाही. दोन आठवडे वा अधिक काळ जवळजवळ रोज उदासी राहणे, झोप वा भूक बिघडणे, आवडत्या गोष्टींत, मित्राच्या फोनमध्येही, रस न उरणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. वृद्धापकाळातही नैराश्यावर उपचार होतात. अशा वेळी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पैशांचा हिशेब अचानक न जमणे असे दिसल्यासही तपासणी लांबवू नये.

जगणे नकोसे झाल्याचे उद्गार ऐकू आल्यास ते थट्टेवारी नेऊ नयेत, व्यक्तीस एकटे सोडू नये व त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत मिळते. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावावेत, आणि त्याच कागदावर ज्येष्ठांना विचारून त्यांच्या दोन जुन्या स्नेह्यांचे क्रमांकही लिहावेत.