मुलीचे नाव, मुलाचे रूप : खानदेशी व्यक्तिनामांतील एक प्रश्न

वि. का. राजवाडे यांनी व्यक्तिनामांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले. त्यांच्या मागे धुळ्यास उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळामुळे खानदेशाला या विषयाची ओळख तशी जुनीच आहे. तरीही नामविचार प्रायः व्युत्पत्तीपाशी थांबतो. नाव कोणत्या शब्दापासून आले हे सांगितले जाते. ते कोणाला, कोणत्या अपत्यानंतर आणि कशासाठी ठेवले, हे सांगितले जात नाही. मुलींना दिलेल्या पुरुषी नावांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

दगडू, धोंडू, भिका, कचरू, उखर्डू ही नावे जळगाव-धुळे परिसरात पुरुषनामे म्हणून परिचित आहेत. यांतील काही नावे ‘बाई’ जोडून मुलींनाही ठेवली गेली : दगडूबाई, धोंडूबाई, भिकाबाई, कचराबाई. वरवर पाहता हे मुलाचे नाव मुलीला देणे होय. परंतु दगड, कचरा किंवा भीक यांत पुरुषत्वाचे असे काय आहे? मुले जगत नसत अशा घरात मृत्यूची नजर चुकविण्यासाठी अपत्याला तुच्छ वस्तूचे नाव दिले जाई. ही नावे मुलांना अधिक मिळाली, कारण जगवण्याची धडपड मुलांसाठी अधिक झाली. आणि म्हणूनच ती कानाला पुरुषी वाटू लागली. तेव्हा ‘दगडूबाई’ या नावाचा एक अर्थ असाही निघतो की, ही मुलगी जगावी असे कोणाला तरी वाटत होते. सरसकट सर्व जुन्या स्त्रीनामांत अवहेलना वाचणाऱ्या अभ्यासकांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

या प्रथेची दुसरी बाजू मुलाच्या नावात दिसते. मुलाचे नाक टोचून, त्याला मुलगी भासवून वाचविण्याची चाल होती. ‘नथू’ हे नाव सामान्यतः तिच्याशी जोडले जाते. (ते ‘नाथ’पासूनही साधता येते, हे विसरून चालणार नाही.) मुलाला मुलीचे चिन्ह द्यायचे ते लपविण्यासाठी, कारण मुलगी मृत्यूलाही नको असेल ही समजूत. मुलीला मुलाचे नाव देताना हा तर्क उलटा लागू पडत नाही. तेथे पुष्कळदा पुढच्या अपत्याचा विचार असतो : हिच्या पाठीवर मुलगा व्हावा. अशा वेळी नाव मुलीचे असले तरी त्यातील इच्छा तिच्याविषयी नसते. सातारा जिल्ह्यातील ‘नकुशी’ या नावात हीच इच्छा उघडी झाली होती. तेथे २०११ मध्ये हे नाव असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींचे समारंभपूर्वक नामांतर करण्यात आले. त्याच वर्षीच्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण ८४२ होते. २००१ मध्ये ते ८८० होते. नावांतून नकोसेपणा ओसरला म्हणून तो घरांतूनही ओसरला, असे अनुमान या आकड्यांपुढे टिकत नाही.

नामरूपाचा विचार करण्यास बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे कुटुंब उत्तम उदाहरण ठरते. असोद्याच्या महाजन घराण्यात वडील उखाजी, आई भीमाई; भाऊ घमा, गना आणि घना; बहिणी अहिल्या, सीता आणि तुळसा. जळगावच्या सासरी पती नथूजी. घमा, गना, घना आणि तुळसा, बहिणा या सर्व नावांचा शेवट एकाच ‘आ’ने होतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीनाम उच्चारास सुकर, मंगल आणि दीर्घस्वरान्त असावे असे सांगितले आहे. खानदेशी घरात मात्र दीर्घ स्वर भावाबहिणींत सारखाच वाटला गेला. ‘भीमा’ हे तर नदीचेही नाव आणि पांडवाचेही. भीमाई, कृष्णाबाई अशा नावांत पुरुषनाम शोधण्यापूर्वी नदी आठवावी. विठाबाई, तुकाबाई यांत मात्र पुरुषवाचक नामाचा अंश स्पष्ट आहे. पण विठ्ठलालाच ‘विठाई’ म्हणणाऱ्या परंपरेत त्याचे कोणाला नवल वाटावे?

मग लिंगभेद कळतो कोठे? नावात नव्हे, वाक्यात. ‘दगडू आला’ आणि ‘दगडू आली’ यांत नाम अविकृत राहते. भेद क्रियापद दाखविते. अहिराणीत हेच काम ‘उना’ आणि ‘उनी’ ही रूपे करतात. अकारान्त नावांत आणखी एक खूण होती. ‘वसंताने’, ‘वसंताला’ असे पुरुषनामाचे सामान्यरूप होई. ‘कमलने’, ‘कमलला’ यांत स्त्रीनाम जसेच्या तसे राही. आता मुलांच्या नावांचेही सामान्यरूप होईनासे झाले आहे आणि ‘किरणने’ म्हटल्यावर किरण मुलगा की मुलगी हे कळत नाही. संस्कृतात पुल्लिंगी असलेले ‘किरण’ आणि ‘शशी’ हे शब्द मुलींची नावे म्हणून रुळले, त्यामागे नवस नव्हता, धास्तीही नव्हती. सुशिक्षित घरांची शब्दरुची होती. दगडूबाई आणि किरण यांना ‘मुलीला मुलाचे नाव’ या एकाच सदरात घालणे म्हणूनच अशास्त्रीय ठरेल.

‘बाई’ हे पद या सर्व व्यवहाराचा आधार होते. ते जोडले की कोणतेही नाव स्त्रीचे होई. दाखल्यांतून आणि हजेरीपटांतून ‘बाई’ गळाले, तेव्हा उरलेले दगडू किंवा भिका हे नाव वडिलांच्या नावाला आणि आडनावाला जोडून वाचले असता सरळ पुरुषाचे वाटते. शिवाय अनेक घरांत विवाहसमयी वधूचे नाव बदलले जाई. मग जन्मनाव माहेरच्या बोलण्यातच राही. जुन्या नोंदींवरून अशा नावांची मोजदाद करणाऱ्यास ही दुहेरी गळती धरूनच चालावे लागते.

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या अपत्यांच्या बाबतीत शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम लावण्याचा निर्णय झाला. त्यामुळे आईचे नाव किरण किंवा शशी असेल, तर ते आता वडिलांच्या नावाआधी, ‘बाई’वाचून लिहिले जाईल, आणि ते स्त्रीचे आहे हे नावावरून नव्हे, केवळ त्याच्या स्थानावरून ओळखावे लागेल.